विश्रामबागवाडा: कुठला भाग कोणाचा

प्रश्न असा आहे: पुण्यात एका मार्गदर्शकाने विश्रामबागवाडा दाखवताना ‘दोनशे वर्षांचा, जसाच्या तसा पेशवेकालीन’ असं सांगितलं. बरोबरचा मित्र म्हणाला, पुढचा भाग जळाला होता, दिसतं ते इंग्रजांच्या काळातलं आहे. खरं कोणाचं? एवढा मोठा शनिवारवाडा गेला आणि हा कसा राहिला? शिवाय सातारा भागात प्रश्नकर्त्यांचा स्वतःचा दोन चौकी वाडा आहे, त्याची डागडुजी काढायची आहे, तर या वाड्याकडे बघून काय शिकावं?

जुन्या लाकडी वाड्यांच्या दुरुस्तीतच माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. मार्गदर्शकाचं निम्मं बरोबर आहे आणि मित्राचंही निम्मं. ‘अस्सल की नंतरचं’ हा प्रश्न अख्ख्या वाड्याला विचारून भागत नाही. तो खणाखणाला विचारावा लागतो, कधीकधी तर एकेका लाकडाला.

आधी इतिहास. दुसऱ्या बाजीरावाला डिसेंबर १७९६ मध्ये पेशवाई मिळाली. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी त्याच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, बाजीराव कोकणात उतरला आणि तिथून वसईला गेला. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह झाला. इंग्रजी फौजेच्या पहाऱ्यात तो १३ मे १८०३ रोजी पुन्हा पुण्यात गादीवर बसला. विश्रामबागवाडा उभा राहिला तो या परतीनंतर. सेनापती हरिपंत फडके यांच्या घराण्याची इथे बाग होती, ती जागा बाजीरावाने घेतली. काम १८०३ च्या सुमारास सुरू होऊन १८०८-०९ पर्यंत पुरं झालं असं मानतात. खर्चाचा आकडा सुमारे दोन लाख रुपये सांगितला जातो.

बाजीराव इथे अकरा वर्षं राहिला, असंही जागोजागी वाचायला मिळतं. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई हरून तो पुणं सोडून गेला तो कायमचा. हे धरून मागे मोजत गेलात तर वाडा पुरा व्हायच्या आधीच तो राहायला आला होता असं म्हणावं लागतं. त्यात नवल काही नाही. मोठे वाडे असेच बांधले जात: एक चौक राहण्याजोगा झाला की वास्तुशांत करून मंडळी आत, आणि मागच्या चौकात सुतारांची ठोकाठोक चालूच. त्यामुळे अशा वाड्याला एकच ‘बांधकाम वर्ष’ चिकटवायचा आग्रह मी धरत नाही.

शनिवारवाडा असताना दुसरा वाडा कशाला, असं कोणी ना कोणी विचारतंच. नेहमीचं उत्तर म्हणजे ३० ऑगस्ट १७७३ चा नारायणरावांचा खून आणि १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवरावांचा सज्जावरून पडून झालेला मृत्यू. बाजीराव राघोबादादांचा मुलगा. त्या वास्तूत त्याला झोप लागत नसेल, हे समजण्यासारखं आहे. पण फक्त भीती म्हणून विषय मिटवू नये. शुक्रवार पेठेतही त्याचा वाडा होता, बुधवार पेठेतल्या वाड्यातही त्याचा मुक्काम असे. दरबारी कामाला शनिवारवाडा, राहायला मर्जीप्रमाणे दुसरे वाडे, असा त्याचा एकूण रिवाज होता.

मला जास्त बोलका वाटतो तो दोन वाड्यांच्या बांधणीतला फरक. १७३० ते १७३२ मध्ये उभ्या राहिलेल्या शनिवारवाड्याला तट आहे, नऊ बुरूज आहेत, दिल्ली दरवाज्यावर हत्तीला थोपवणारे खिळे आहेत. विश्रामबागवाड्याला यातलं काहीच नाही. तो सरळ रस्त्याला लागून उभा आहे आणि रस्त्यावर सज्जा काढून बसला आहे. पेठेतल्या सरदार-सावकारांचे वाडे असेच होते हे खरं, पण इथे राहणारा पेशवा होता. फौज इंग्रजांची, संरक्षण इंग्रजांचं, मग तटबंदी कोणासाठी? वसईच्या तहाचं कलम या दर्शनी भागात वाचता येतं, असं मी विद्यार्थ्यांना सांगतो. कोणाला हे ओढूनताणून वाटेल, वाटू दे.

आता बांधणी. वाडा थोरल्या बाजीरावांच्या नावाच्या रस्त्यावर, तुळशीबागेच्या बाजूला तोंड करून, म्हणजे पूर्वाभिमुख आहे. आत एकामागे एक तीन चौक. पहिल्या चौकाभोवती बाहेरच्या माणसाचा वावर: देवडी, कचेरी, वर दिवाणखाना. मधला चौक घरच्यांचा. मागचा नोकरचाकर, मुदपाकखाना, कोठ्या, पाणी यांचा. आलेल्या माणसाला किती आत घ्यायचं हे चौकावरून ठरायचं. हा क्रम मराठी मुलखातल्या बहुतेक मोठ्या वाड्यांत सारखाच सापडेल. तुमच्या दोन चौकी वाड्यातही पुढचा सोपा आणि मागचं माजघर असंच असणार.

भिंती बघून वाडा कळत नाही, सांगाडा बघावा लागतो. घडीव काळ्या दगडाचं जोतं, जोत्यावर तळखडे (खांबाखालचे बैठकीचे दगड), तळखड्यावर सागाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलचान (लाकडी चिपांचा थर) आणि त्यावर मातीचा थर. चार खांबांमधली जागा म्हणजे एक खण. जुने लोक वाडा चौरस फुटांत सांगत नसत. ‘पाच खणी सोपा’, ‘सात खणी माडी’ असं सांगत. लाकडं एकमेकांत बसवलेली असतात, एकाचा कुसू, म्हणजे टोकाची जीभ, दुसऱ्याच्या खोबणीत, वरून लाकडी खुंटी. खिळ्यांवर भिस्त कमी. त्यामुळे सांगाडा थोडा हलतो, सरकतो, पण एकदम कोसळत नाही. खांबांच्या मधली वीटभिंत बहुतेक ठिकाणी नुसता पडदा असते, वजन खांबांवर. घरमालक भिंतीला तडा दिसला की घाबरतात आणि खांबाचा पाया कुजला आहे तिकडे बघतसुद्धा नाहीत. खरं तर घाबरायचं ते तिथेच.

इथला खांब एकदा जवळ जाऊन बघाच. त्याला सुरूचा खांब म्हणतात. खाली घटासारखा फुगीर भाग, त्याला कमळाच्या पाकळ्या, तिथून खांब वर निमुळता होत जातो, सुरूच्या झाडाचा आकार असतो तसा. वर पुन्हा पाकळ्यांची बैठक आणि तिच्यातून दोन्ही बाजूंना महिरपी फुटतात. महिरपीच्या सांध्याखाली केळफूल लोंबतं. हा आकार मूळचा मुघल दरबारातल्या दगडी खांबांचा. तो दख्खनमध्ये आला, सुतारांच्या हाती लागला आणि लाकडात उतरला. मजा अशी की महिरप इथे काहीही उचलत नाही. वजन नेते ती तिच्या मागची सरळ तुळई, महिरप म्हणजे तुळईखाली बसवलेली कोरीव फळी. दगडी कमानीत दगड एकमेकांना रेटून धरतात, लाकडी महिरप शोभेपुरती. म्हणून एखाद्या वाड्यात महिरप निखळलेली दिसली तरी छत जागेवर असतं. याउलट महिरप शाबूत पण तुळई पोखरलेली, हा प्रकार फार धोक्याचा. बाहेरून काही कळत नाही.

दर्शनी भागाचा मान मात्र सज्जाचा. रस्त्याच्या बाजूला वरच्या मजल्यावर पुढे काढलेली कोरीव मेघडंबरी, तिच्याखाली तिला तोलणारे लाकडी हस्त. तुळशीबागेच्या बाजूच्या पदपथावर उभं राहून मान वर केलीत तर सज्जाचा खालचा पृष्ठभाग दिसतो. बहुतेक लोक समोरून फोटो काढून जातात. मी आधी खालचं बघतो, कारण पाणी मुरतं ते तिथे आणि पुढे झुकलेल्या लाकडाला मागून कोण धरून ठेवतं हेही तिथूनच समजतं. सज्जाची प्रत्येक कडी मागे खोलीच्या जमिनीत लांब शिरलेली असते आणि खोलीतल्या भिंतीचं वजन तिच्या मागच्या टोकावर बसतं. हे मागचं टोक कोणी ‘आत अडचण होते’ म्हणून कापलं की सज्जा रस्त्याकडे वाकायला लागला म्हणून समजा.

वर दिवाणखाना, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, लाकडी छत. या बाजीरावाचा नाचगाण्याचा षोक जगजाहीर आहे. होनाजी बाळा, प्रभाकर, अनंत फंदी ही शाहीर मंडळी याच काळातली आणि पेशव्याचा आश्रय त्यांतल्या अनेकांना होता. राजकारणात त्याच्या पदरी जे अपयश आलं ते आलं, पण लावणीने आणि सुतारांनी त्याच्या नावाने बोटं मोडायचं कारण नाही.

आता आगीकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाची गाठ तिथे आहे. १३ मे १८७९ च्या रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा दोन्ही पेटले. (तारीख बघा: बाजीराव इंग्रजांच्या संगिनींच्या आधाराने परतला तोही १३ मे. योगायोग आहे, पण पुणेकराला सांगितल्यावाचून राहवत नाही.) हे दिवस वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे. सरकारला आधी तिकडचाच वास आला. महादेव गोविंद रानडे यांच्यावरही संशयाची छाया पडली आणि त्यांना नाशिकहून धुळ्याला हलवण्यात आलं. पुढे चौकशीत सरकारी पुस्तक डेपोतल्या एका नोकराचं नाव पुढे आलं आणि बंडाशी या आगीचा संबंध नव्हता हे उघड झालं.

बुधवारवाडा गेला. पुणे नगर वाचन मंदिराची सुरुवात १८४८ मध्ये त्याच वाड्यात झाली होती. तिथला ग्रंथसंग्रहही त्या रात्री गेला. विश्रामबागवाड्याचा पूर्वेकडचा, म्हणजे रस्त्याकडचा भाग जळाला, साधारण एक तृतीयांश. मागचे चौक वाचले. चौक उघडे असतात, आग एका दमात ओलांडून जात नाही, याचा त्यात वाटा असणार.

म्हणजे तुम्ही रस्त्यावरून बघता तो भाग आगीत सापडलेला आहे आणि नंतर पुन्हा उभा केलेला आहे. मित्राचं एवढं बरोबर. पण ‘इंग्रजांच्या काळातलं’ म्हणताना त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा इंग्रजी धर्तीची इमारत असावी, तसं नाही. पुन्हा बांधलं ते नगरपालिकेच्या आणि लोकांच्या वर्गणीच्या पैशातून आणि जुन्याच घडणीत. मधे गेली होती जेमतेम सत्तर वर्षं. बाजीरावाच्या वेळच्या सुतारांचे नातू-पणतू अजून तेच काम करत होते, तेच खण मोजत होते, तीच केळफुलं कोरत होते. परंपरा तुटलेली नव्हती, त्यामुळे नक्षीवरून काळ ठरवायला गेलात तर फसाल.

मग कशावरून ठरवायचं? लाकडावर उरलेल्या हत्यारांच्या खुणांवरून. जुनं लाकूड वाकसाने, म्हणजे सुताराच्या तासायच्या हत्याराने, तासलेलं असतं. बॅटरी आडवी धरली की उथळ खोलगट घावांच्या ओळी दिसतात. करवतीने, त्यातही यंत्राच्या करवतीने चिरलेल्या लाकडावर समांतर रेघा असतात. नक्षीच्या पुढच्या बाजूला हे कळणार नाही, तिथे घासून गुळगुळीत केलेलं असतं. कडीची वरची किंवा भिंतीकडची बाजू बघायची, जिथे सुताराने हात राखून काम केलेलं असतं. विटांवरूनही कळतं: पेशवाईतली वीट पातळ आणि पसरट, इंग्रजी मापाची वीट जाड, नऊ बाय साडेचार इंची घराण्यातली. छपरावर मंगळुरी कौल असेल तर ते १८६५ नंतरचंच, कारण बासेल मिशनचा मंगळूरचा कारखाना तेव्हाचा. त्याआधी नळीची कौलं. लोखंडी गर्डर दिसला तर काळ आणखी पुढे सरकतो.

आणखी एक खूण फार कमी लोक बघतात. साग पेटला की बाहेरून कोळसा होतो आणि तो कोळशाचा थरच आतल्या गाभ्याला काही वेळ वाचवतो. आग विझल्यावर सुतार काळा भाग तासून टाकत आणि आतलं धडधाकट लाकूड लहान मापात पुन्हा लावत. जळक्या वाड्यांत म्हणून काही तुळया शेजारच्या तुळयांपेक्षा बारीक सापडतात आणि त्यांच्या एखाद्या कोपऱ्यात तासायचा राहून गेलेला काळा पट्टा मिळतो. असं लाकूड कोणत्या काळाचं म्हणायचं? कापलं पेशवाईत, बसवलं नंतर. नोंदवहीत मी दोन्ही लिहितो.

आता शनिवारवाडा का गेला आणि हा का राहिला. ‘वापरात राहिला म्हणून वाचला’ हे उत्तर सर्रास दिलं जातं, पण ते पुरत नाही. शनिवारवाडाही इंग्रजांनी मोकळा ठेवलेला नव्हता, तिथे तुरुंग होता, दवाखाना होता. २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली आणि तो कित्येक दिवस जळत राहिला. बुधवारवाडा तर १८७९ मध्ये ऐन वापरात होता. दोन्ही वापरातले, दोन्ही गेले. फरक पडला तो आगीनंतर काय झालं यामुळे. १८२८ मध्ये शनिवारवाडा परत बांधायची गरज कोणाला होती? सरकारला पेशव्यांच्या गादीची जागा पुन्हा थाटामाटात उभी करायची नव्हती, आणि शहराच्या वतीने बोलणारी कुठली संस्थाच नव्हती. १८७९ पर्यंत पुण्यात नगरपालिका होती, १८७० पासून सार्वजनिक सभा होती, वर्तमानपत्रं होती. आणि या वाड्यात शिकून गेलेली माणसं गावात होती.

ही शिकण्याची गोष्ट जरा विस्ताराने सांगायला हवी. पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. पेशवाई गेल्यावर त्या खर्चाचं काय करायचं हा प्रश्न एल्फिन्स्टनपुढे आला. त्यातला काही पैसा वळवून ऑक्टोबर १८२१ मध्ये इथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, दख्खनचे कमिशनर चॅपलिन यांच्या कारकिर्दीत. जिथे लावण्यांच्या बैठका झडल्या त्या माड्यांवर तीन-चार वर्षांत न्याय, व्याकरण, ज्योतिष घोकलं जाऊ लागलं. कृष्णशास्त्री चिपळूणकर याच पाठशाळेचे विद्यार्थी. पुढे मेजर टॉमस कँडी तिचे प्रमुख झाले, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचे सहकारी ते हेच. मराठीत स्वल्पविराम, पूर्णविराम रुळवण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. १८५१ मध्ये पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज झालं, १८६४ ला त्याचं नाव डेक्कन कॉलेज पडलं आणि १८६८ मध्ये ते येरवड्याच्या नव्या दगडी इमारतीत गेलं. वाड्यात शाळा मात्र भरत राहिली. म्हणजे आग लागली तेव्हा शहराच्या दृष्टीने ती पेशव्याची हवेली उरलेली नव्हती, गावाची शाळा झाली होती. वर्गणी जमली ती त्यासाठी, असा माझा तर्क आहे.

नानावाड्याचं उदाहरण याला जोडून बघा. नाना फडणविसांचा शनिवारवाड्याजवळचा तो वाडा, १७८० च्या सुमाराचा. तोही शाळेमुळे टिकला. पुण्यात पेशवाईतल्या मोठ्या लाकडी वास्तू धड उभ्या आहेत त्यांत शाळांचा हात मोठा आहे. मुलं नासधूस करतात ही तक्रार असते, पण गळकं छप्पर शाळेत एका पावसाळ्यापेक्षा जास्त सहन होत नाही. रिकाम्या वाड्यात ते दहा वर्षं कोणाला दिसतही नाही.

विसाव्या शतकात इथे नगरपालिकेचं कार्यालय आलं, १९३० च्या दशकापासून १९५० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत. मधे १९५० मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली. नंतरही सरकारी कचेऱ्या, पोस्ट, असं काही ना काही नांदत राहिलं. कचेरीने वाडा वाचतो, पण कचेरी वाड्याला खातेही. माडीची जमीन बसल्या-उठल्या माणसांच्या हिशेबाने घातलेली. तिच्यावर कागदपत्रांची कपाटं भिंतीला लावून रचली की कड्या खाली झोल देतात. महिरपींमध्ये प्लायवुडच्या ताट्या ठोकून केबिनी काढायच्या, खांबात खिळे मारून वायरी न्यायच्या, सगळ्यावर दर दिवाळीला ऑइलपेंटचा हात मारायचा; पाच-सहा थरांखाली पाकळ्या बुजून जातात, नक्षीचा नुसता उंचवटा उरतो. सरकारी ताब्यातल्या एका दुसऱ्या वाड्यात रंगाचे थर काढताना केळफुलाच्या बेचक्यात गंजलेल्या टाचण्या निघाल्या होत्या. नोटिसा लावायला तेवढी सोयीची जागा दुसरी नसावी. पण खरी हानी करतं ते नंतर घुसवलेलं स्वच्छतागृह. जिथे पाण्याची सोयच नव्हती अशा माडीच्या कोपऱ्यात नळ आला की दोन-चार वर्षांत खालची तुळई ओली होते, आणि ओल्या लाकडाला वाळवीचं आमंत्रण द्यावं लागत नाही.

या शतकाच्या सुरुवातीपासून महापालिकेने विश्रामबागवाड्याचं जतन टप्प्याटप्प्याने हाती घेतलं. ताट्या निघाल्या, दर्शनी लाकडावरचे थर उतरले, दिवाणखाना मोकळा झाला. ‘पुनवडी ते पुण्यनगरी’ हे शहराच्या वाढीचं प्रदर्शनही वाड्यात मांडलं गेलं. कामाबद्दल मतभेद असू शकतात, माझेही आहेत. मागचे चौक पुढच्या भागाइतकं लक्ष कधी मिळवत नाहीत हा माझा जुना आक्षेप. आगीतून वाचलेला, म्हणून जास्त जुना भाग तोच. आणि बघायला येणारा बहुतेक जण सज्जाखालूनच परत फिरतो. मार्गदर्शकांनी ‘अस्सल पेशवेकालीन’ म्हणायचं तर मागच्या चौकात नेऊन म्हणावं.

जायचंच तर सकाळी जा. दर्शनी भाग पूर्वेला, नऊ-दहापर्यंत ऊन नक्षीवर तिरकं पडतं आणि कोरीव काम उठून दिसतं. दुपारनंतर सगळं सपाट, शिवाय बाजीराव रस्त्याची रहदारी तुम्हाला पदपथावर उभं राहू देणार नाही. आत गेल्यावर आधी खांबांच्या तळाशी बघा, मग छताकडे.

आता तुमच्या वाड्याचं. दुरुस्ती काढताना चार गोष्टी सांगेन, त्यातली पहिली बाकी सगळ्यांहून मोठी आहे. छप्पर आणि पाणी. पन्हाळी, कौलं, दोन छपरांच्या मधली घळ, चौकातली मोरी, जोत्याभोवतीचा उतार. हे सगळं आधी. लोक दर्शनी भिंत रंगवून सुरुवात करतात आणि पैसे संपले की घळ गळतीच राहते. घळीतलं पाणी सरळ खांबाच्या माथ्यावर उतरतं, कौलाच्या एका भोकातून येणाऱ्या पाण्यापेक्षा ते कितीतरी वाईट.

दुसरी, सिमेंट लावू नका. गवंडी सांगेल की पक्कं होतं. मातीत किंवा चुन्यात बांधलेली भिंत जमिनीतली ओल ओढते आणि तोंडावरच्या चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर सोडते. सिमेंटने तोंड बंद केलं की ओल आतच वर चढते आणि भिंतीत गाडलेला खांब तिला सापडतो. चार-पाच वर्षांनी गिलावा पोकळ वाजायला लागतो, तोवर आतल्या खांबाचा तळ भुगा झालेला असतो. चुना भिजत घालून मुरवायला वेळ लागतो, घाण्यात मळलेला चुना देणारी माणसंही कमी झाली आहेत, पण साताऱ्या-वाईकडे शोधलीत तर मिळतील.

तिसरी, खांबाचा तळ कुजला म्हणून अख्खा खांब बदलायला काढू नका. कुजलेला भाग कापून त्याच जातीच्या जुन्या, मुरलेल्या लाकडाचा तुकडा तिरक्या जोडाने बसवता येतो. शेजारी मोडलेल्या वाड्याचा साग मिळाला तर उत्तमच. तोवर वरची तुळई टेकूंवर घ्यायची आणि टेकू एकाच खणात न लावता दोन्ही बाजूंच्या खणांत लावायचे, नाहीतर वजन शेजारच्या खांबावर जाऊन तो बसतो. नव्या तुकड्यावर कुठेतरी आतल्या बाजूला दुरुस्तीचं वर्ष कोरून ठेवायला सुताराला सांगा. पुढे बघणाऱ्याला कोडं पडायला नको.

चौथी म्हणजे काम सुरू व्हायच्या आधी मोजमाप आणि फोटो. खणाखणाला क्रमांक द्या, प्रत्येक खांबाचा, तळखड्याचा, कडीचा. सुतार सोडवलेली लाकडं अंगणात रचतो आणि चार दिवसांनी कुठलं कुठे हे त्यालाही आठवत नाही. सोडवतानाच प्रत्येक तुकड्यावर खडूने क्रमांक टाकून घ्या, पाऊस तोंडावर असेल तर खडूऐवजी पत्र्याची चकती ठोका. आणि काम दसऱ्यानंतर काढा. वैशाखात छप्पर उघडलंत तर माझा अनुभव असा आहे की ते मृगाच्या आत कधीच बंद होत नाही.